डिझेलला गॅसची फोडणी

रत्नागिरी जिल्ह्यातील मालवाहतुकीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम ‘अ‍ॅव्हरेज’ ही संस्था समजून घेतली पाहिजे. एका लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते हे सांगणारा हा आकडा वरकरणी यंत्रशास्त्राचा वाटत असला, तरी व्यवहारात त्याचे स्थान हापूसच्या कलमांची संख्या, मुंबईतल्या खोलीची किंमत आणि मुलाचा पगार यांच्या पंक्तीत आहे. तो चारचौघांत विचारला जातो, बेधडक सांगितला जातो, आणि सांगणाऱ्याची अब्रू राहावी म्हणून कोणी तपासून पाहत नाही. मालकाचा आकडा ड्रायव्हरच्या आकड्याहून मोठा असतो, गाडी विकायला काढली की तो आणखी फुगतो, आणि तीच गाडी घेणाऱ्याच्या अंगणात आली की पहिल्याच खेपेला अंग चोरून बसतो, हा क्रम इतका नियमित आहे की त्याला निसर्गनियमाचा दर्जा द्यायला हरकत नसावी.

हा आकडा वाढवण्याच्या उपायांची परंपरा मोठी आहे. डिझेलच्या नळीला लोहचुंबक बांधणे, टाकीत गोळी टाकणे, रेशनचे निळे रॉकेल मिसळणे आणि घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देणे हे तिच्यातील प्रमुख संप्रदाय होत. त्यांपैकी शेवटचा विशेष चिंतनीय आहे, कारण आजच्या इलेक्ट्रॉनिक पंपाच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की डिझेलचा फवारा आपोआप बंद होतो, आणि न्यूट्रल केली की मात्र इंजिन जिवंत ठेवण्यासाठी थोडे डिझेल जाळावेच लागते. म्हणजे ब्रेकची दांडी गुल करण्याचा धोका पत्करून वर डिझेलही थोडे जास्तच जाळायचे, असा हा दुहेरी लाभ आहे. अर्थात, ज्या देशात १९९६ साली तमिळनाडूतील रामर पिल्लई यांचा वनौषधींपासून पेट्रोल केल्याचा दावा घरोघरी चर्चिला गेला आणि त्याला फसवणूक ठरवायला न्यायालयाला २०१६ साल उजाडले, त्या देशात नळीला चुंबक बांधणाऱ्या एकट्यादुकट्या ट्रकवाल्याला हसणे न्यायाचे होणार नाही.

या सर्व संप्रदायांत एकच असा आहे की ज्याच्यामागे खरोखर शास्त्र उभे आहे, आणि नेमका म्हणूनच तो सर्वांत अधिक घोटाळ्याचा आहे. तो म्हणजे डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेत प्रोपेन वायू सोडणे. अमेरिकेत मोठ्या डिझेल पिकअपांचे हौशी मालक हा प्रयोग गाडीची ताकद वाढावी, जड ट्रेलर ओढता यावा आणि शेजाऱ्याची गाडी मागे पडावी म्हणून करतात. रत्नागिरीत हीच कल्पना गॅरेजच्या बाकावर पोहोचते, तेव्हा ताकदीचा विषय कोणी काढत नाही. पहिला प्रश्न येतो तो अ‍ॅव्हरेजचा.

कल्पना समजून घेण्यापूर्वी इंजिन समजून घेणे आवश्यक आहे. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी पाडतो, परंतु रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनात ठिणगीला जागाच नाही. त्यात सिलिंडरमध्ये आधी नुसती हवा घेतली जाते. ती दाबून सोळाव्या-अठराव्या हिश्शाइतकी लहान केली की तिचे तापमान पाचशे अंशांच्या पुढे जाते, आणि अशा तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा उडाला की तो स्वतःच पेट घेतो. प्रोपेनचा स्वभाव याच्या उलट आहे. स्वतःहून पेटण्यासाठी त्याला डिझेलपेक्षा बरेच अधिक तापमान लागते, आणि तेवढे मिळाल्यावरही तो काही क्षण रेंगाळतो. त्यामुळे एअर फिल्टरच्या पुढे हवेच्या नळीत थोडा प्रोपेन सोडला, तर तो हवेबरोबर सिलिंडरमध्ये जातो, दाबला जातो, निमूटपणे वाट पाहतो, आणि डिझेलची ज्योत उठल्यावर तिच्या आधाराने जळतो. मुख्य इंधन डिझेल, आणि वरून गॅसची फोडणी, असे या व्यवस्थेचे स्वरूप आहे.

यातील प्रोपेन हा शब्द मात्र रत्नागिरीच्या बाजारात फार काळ टिकत नाही. शुद्ध प्रोपेन किरकोळ विक्रीला ठेवणारे दुकान या शहरात शोधणे म्हणजे जून महिन्यात हापूस शोधण्यापेक्षाही कठीण काम होय; जे मिळते ते एलपीजी, म्हणजे दाबाखाली द्रवरूप ठेवलेले प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण, ज्यात आपल्याकडे ब्युटेनचा वाटा मोठा असतो. ते ज्या भांड्यात मिळते ते भांडे लाल रंगाचे असते, त्यात १४.२ किलोग्रॅम गॅस असतो, आणि ते सामान्यतः ट्रकच्या नव्हे तर स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आढळते. सिद्धान्त आणि व्यवहार यांतील पहिली फारकत येथे होते, आणि घरातील गृहिणीला या संशोधनाची वार्ता लागते तीही येथेच.

सिद्धान्ताची कुळी मात्र उत्तम आहे, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा भारतातील मोटारी लोणारी कोळसा अर्धवट जाळून निघणाऱ्या गॅसवर धावल्या. गाडीच्या मागे बंबासारखी भट्टी असे, आणि ताकद इतकी घटत असे की चढ आला की गाडीचा आणि प्रवाशांचा दोघांचाही धीर सुटे. ती इंजिने पेट्रोलची होती हे खरे, परंतु डिझेल इंजिनात गॅस सोडण्याचे शुद्ध उदाहरणही महाराष्ट्राला परके नाही. १९८१-८२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्पाच्या काळात गोबरगॅसचा जोरदार प्रसार झाला, आणि किर्लोस्करांच्या डिझेल पंपात हवेच्या वाटेने गोबरगॅस सोडून विहिरीचे पाणी उपसता येते हे शेतकऱ्यांनी पाहिले. या दुहेरी इंधनाच्या इंजिनात डिझेलची गरज पाचव्या हिश्शापर्यंत खाली येऊ शकते. ते केवळ ज्योत पेटवण्यापुरते उरते आणि बाकीचे काम गोठा करतो. याहून भव्य उदाहरण हवे असल्यास गुहागर तालुक्यात दाभोळच्या एलएनजी टर्मिनलला येणाऱ्या जहाजांच्या वर्गाकडे पाहावे. एलएनजी म्हणजे उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू. प्रवासात त्याचा थोडा भाग उकळून सुटतच असतो, आणि अशी वाहतूक करणारी अनेक आधुनिक जहाजे तो वाया न घालवता आपल्याच प्रचंड इंजिनांत, डिझेलच्या छोट्याशा ज्योतीने, जाळून टाकतात. म्हणजे गॅरेजच्या बाकावर बसून मिस्त्री जे सांगतो तेच जगातील अतिशय महागड्या जहाजांच्या इंजिनखोलीत चालू असते, आणि हे त्याला कळल्यास त्याची फी वाढेल एवढाच यातला धोका आहे.

पंप आणि जहाज या दोहोंत एक गोष्ट समान आहे, आणि ती रत्नागिरीच्या ट्रकमध्ये नाही. दोन्ही इंजिने तासन्‌तास जवळजवळ एकाच वेगाने, एकाच भाराखाली चालतात. विहिरीच्या पंपात गव्हर्नर नावाची यंत्रणा असते, जी इंजिनाचे फेरे ठरावीक राखण्यासाठी डिझेल कमीजास्त करते. गॅस आत आला की फेरे वाढू लागतात, गव्हर्नर लगेच डिझेल आवळतो, आणि बचत दिसते. ट्रकात हे काम मुख्यतः ड्रायव्हरचा उजवा पाय करतो. हा पाय वेतन घेतो, त्याला घाई असते, वाशीच्या बाजारात पहाटेचा नंबर लावायचा असतो, आणि गव्हर्नरप्रमाणे त्याला निःपक्षपाती म्हणता येत नाही.

या पायाचे अर्थशास्त्र थोडे विस्ताराने पाहणे योग्य ठरेल. अनेक मालक प्रत्येक मार्गासाठी एक अ‍ॅव्हरेज ठरवून देतात आणि त्या हिशेबाने डिझेल देतात. वाचले ते ड्रायव्हरचे, कमी पडले तर तेही ड्रायव्हरचे, असा हा करार असतो, आणि तो करारनाम्यापेक्षा अधिक काटेकोरपणे पाळला जातो. आता अशा गाडीत गॅसचा संच बसवला, तर मालकाची अपेक्षा अशी की सपाटीवर गॅसच्या जोरावर ड्रायव्हर पाय किंचित उचलेल आणि डिझेल वाचेल. ड्रायव्हरचा अनुभव असा की चढावर पाय पूर्ण दाबलेला असताना गॅस वरून आला की गाडी जी पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढायची ती तिसऱ्यात हसत चढते. एका यंत्राने मालकाला बचत मिळते आणि ड्रायव्हरला ताकद. परंतु एकाच क्षणी दोन्ही मिळत नाहीत, आणि कोणत्या क्षणी काय घ्यायचे याचा निर्णय रत्नागिरीत जयस्तंभाजवळच्या कचेरीत बसलेला माणूस घेत नसून आंबा घाटात बसलेला माणूस घेतो. त्यातून मालकाने हुशारी करून ठरलेले अ‍ॅव्हरेज वाढवले, तर ड्रायव्हर गॅस चढावर न वापरता जपून ठेवतो. न वाढवले, तर वाचलेले डिझेल ड्रायव्हरचे. कोणत्याही वाटेने गेले तरी संचाचे पैसे मात्र मालकाचेच गेलेले असतात.

आता खुद्द आकड्याकडे वळू. समजा एक ट्रक रत्नागिरीहून वाशीच्या बाजारात आंबा घेऊन निघाला आहे. अंतर सुमारे ३३० किलोमीटर, अ‍ॅव्हरेज ४. म्हणजे साडेब्याऐंशी लिटर डिझेल. गॅसचा संच बसवल्यावर त्याच खेपेला ६६ लिटर लागले, म्हणजे अ‍ॅव्हरेज ५ झाले, आणि ही बातमी हातखंब्याच्या नाक्यावर पोहोचण्यापूर्वीच तिचे साडेपाच होते. साडेसोळा लिटर डिझेल वाचले यात खोटे काही नाही. परंतु १४.२ किलोग्रॅमच्या एका टाकीत जेवढी ऊर्जा असते तेवढी साधारण १८ लिटर डिझेलात असते, आणि वाचलेल्या डिझेलाची जागा भरून काढायला, न जळता सायलेन्सरमधून निसटणारा थोडा भाग धरून, जवळजवळ ही एक अख्खी टाकीच खर्ची पडते. दोन्ही इंधने एकाच मापाने मोजली तर ६६ अधिक १८ म्हणजे ८४ लिटर झाले, आणि खरे अ‍ॅव्हरेज ४ वरून ३.९ वर आले. ट्रकने काही वाचवले नाही. त्याने फक्त खाते बदलले. डिझेलची नोंद वहीत होते, टाकीची नोंद स्वयंपाकघरात होते, आणि या दोन वह्या एकत्र मांडून बेरीज करण्याची प्रथा आपल्या कुटुंबसंस्थेत नाही.

तरीही पैसे वाचतात, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो अंशतः खरा आहे. डिझेल लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास आणि घरगुती टाकी नऊशेच्या आसपास धरली, तर खेपेला पाचसहाशे रुपये खिशात राहतात. पण ही करामत प्रोपेनची नसून घरगुती गॅसच्या भावाची आहे, आणि तो भाव सरकारने वरण-भातासाठी ठेवलेला आहे. तीच ऊर्जा हॉटेलवाल्यांच्या १९ किलोग्रॅमच्या व्यावसायिक टाकीतून घेतली की बचतीचा मोठा भाग विरून जातो. उरलेल्यातून संच, नळ्या, मिस्त्रीची मजुरी आणि इंजिनाची पुढची दुरुस्ती भागवायची म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. घरगुती टाकी स्वयंपाकाखेरीज अन्य कामासाठी वापरणे हा २००० सालच्या एलपीजी नियंत्रण आदेशाचा भंग आहे, हे सर्वांना ठाऊक असते. ट्रकमध्ये टाकी गेल्यावर घरी चूल पेटते आणि तिच्यासाठी लाकडे आणायला तोच ट्रक पाठवावा लागतो, ही शक्यता मात्र कोणी हिशेबात धरत नाही.

यंत्राच्या बाजूने पाहता मुख्य अडचण भूगोलाची आहे. रत्नागिरी जिल्हा सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये अशा रीतीने वसलेला आहे की त्यातून माल बाहेर काढण्यासाठी काहीतरी चढावेच लागते: कोल्हापूरकडे आंबा घाट, कराडकडे कुंभार्ली, मुंबईकडे परशुराम आणि भोस्ते, आणि मग कशेडी, जिथे आता बोगदा झाल्याने ड्रायव्हरांच्या एका पिढीचे शौर्य इतिहासजमा झाले आहे. चिऱ्यांनी, म्हणजे जांभ्या दगडाच्या तासलेल्या ठोकळ्यांनी, शिगोशीग भरलेली गाडी आंबा घाटात असते, तेव्हा इंजिनावर पूर्ण भार असतो, सिलिंडर कमालीचे तापलेले असतात, आणि ड्रायव्हरला गॅसची आठवण नेमकी तेव्हा होते. अशा वेळी गॅसचे प्रमाण थोडे अधिक झाले की जो प्रोपेन एरवी डिझेलच्या ज्योतीची वाट पाहत निमूट बसतो तो धीर सोडतो, आणि सिलिंडरमधील उरलेले मिश्रण क्रमाने न जळता एकदम भडकते. या अकाली भडक्याला इंग्रजी पुस्तके ठोक्याचे नाव देतात आणि तो खरोखरच हातोडीसारखा ऐकू येतो. पिस्टन, हेड गॅस्केट आणि बेअरिंग यांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होतो, आणि साखरप्याचा ढाबा केव्हाच मागे पडलेला असतो. सपाटीला आणि हलक्या भाराला उलटा दोष उद्भवतो: गॅस हवेत इतका विरळ असतो की ज्योत त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि त्याचा काही भाग कोराच्या कोरा बाहेर पडतो. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे मर्कॅप्टन हे गंधकयुक्त द्रव्य मिसळलेले असते. त्यामुळे अशा ट्रकमागून स्कूटरवर येणाऱ्या गृहस्थाला आपण घरून निघताना शेगडी बंद केली की नाही अशी शंका येऊन तो पावसच्या फाट्यावरून परत फिरला, तर त्यात त्याचा दोष म्हणता येणार नाही.

एक गोष्ट या पद्धतीच्या बाजूने निःसंशय सांगता येते, ती म्हणजे काळा धूर कमी होतो. डिझेलचा फवारा कमी झाला, आणि त्याची जागा हवेत आधीच मिसळलेल्या वायूने घेतली, की काजळी घटते. शहराच्या मारुती मंदिरापाशी सिग्नलला अशा गाडीमागे उभे राहणाऱ्याचे पांढरे धोतर पांढरेच राहते. पण धूर कमी झाला म्हणून अ‍ॅव्हरेज वाढले असेच समजण्याचा आपला प्रघात असल्याने, हा एकमेव खरा गुण चुकीच्या आकड्याच्या पुराव्यादाखल वापरला जातो.

गॅस टाकीतून काढण्याचीही एक रीत आहे. द्रवरूप प्रोपेन वायू होताना आजूबाजूची उष्णता शोषून घेतो, कारण त्याचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश आहे; म्हणून व्यवस्थित संचात इंजिनाचे गरम पाणी फिरवून गॅसला ऊब देणारा व्हेपरायझर असतो, ड्रायव्हरने पाय उचलताच गॅस तोडणारी विजेची झडप असते, आणि टाकी गाडीला कायमची जखडलेली असते. अव्यवस्थित संचात यांपैकी काहीच नसते, आणि त्यामुळे मे महिन्याच्या घामट दुपारी, सारे रत्नागिरी पंख्याखाली लोळत असताना, ट्रकच्या पाट्यावर बांधलेल्या टाकीच्या नळावर बर्फ जमते. हे दृश्य पाहायला गर्दी होते. या गर्दीतील एकाच्या हातात विडी असते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला की वर उडून न जाता खाली, खड्ड्यात, गॅरेजच्या चरात साठतो, आणि मिस्त्री बहुधा त्याच चरात उभा राहून काम करत असतो. येथे विनोदाला थोडे बाजूला उभे राहण्यास सांगावे लागते.

कायद्याचा भाग थोडक्यात आटोपता येतो, कारण कायदा यात फारसा रमलेला नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवल्याविरुद्ध गाडीत फेरफार करण्यास मनाई करते. २०२२ च्या अधिसूचनेने बीएस-६ श्रेणीच्या पेट्रोल गाड्यांवर सीएनजी किंवा एलपीजीचा मान्यताप्राप्त संच बसवायला, तसेच साडेतीन टनांखालच्या गाड्यांतील डिझेल इंजिन समूळ काढून जागी गॅसचे इंजिन घालायला वाट करून दिली; परंतु जड ट्रकच्या डिझेल इंजिनाला वरून गॅस पाजणे त्या वाटेवर येत नाही. नव्या ट्रकांच्या बाबतीत हा प्रश्न कायद्याआधी गाडीच सोडवते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकानंतर ट्रकच्या सायलेन्सरमध्ये काजळीची गाळणी, युरियाचा फवारा आणि तापमान व वायू मोजणारे इतके संवेदक आले आहेत की हवेत कोणी अनोळखी शिरले की ते लगेच चाडी करतात, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि गाडी पॉवर सोडून बैलगाडीच्या चालीने चालू लागते. त्यामुळे ही सारी विद्या एमएच-०८ च्या जुन्या, यांत्रिक पंपाच्या, बोलणी खाऊन कोडग्या झालेल्या गाड्यांपुरती उरली आहे.

गॅसच्या आश्वासनांचा इतिहास मात्र या जिल्ह्यात ट्रकांपुरता नाही, आणि त्या दृष्टीने मिस्त्रीचा दावा स्थानिक परंपरेला धरूनच आहे. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाची कीर्ती गॅसवर वीज करणारा प्रकल्प अशी. १९९९ साली त्याचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला तो नाफ्त्यावर, आणि २००१ साली तो बंद पडला तेव्हाही गॅस आलेला नव्हता. २००५ मध्ये ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ ही कंपनी त्याचा सांभाळ करण्यासाठी स्थापन झाली, म्हणजे नावात तरी गॅस आला, आणि २०१३ मध्ये टर्मिनलवर एलएनजीचे जहाज लागले. तेथे लाटा अडवणारा बांध अपुरा असल्याने पुढे कित्येक वर्षे पावसाळ्यात जहाजे लागू शकत नसत, आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मिरकरवाड्याच्या होड्या ओढून ठेवल्या जात तेव्हा गॅसही रजेवर असे. कोकणात पावसाळ्यात काम थांबवणे ही आळसाची खूण नसून शहाणपणाची आहे, हे गॅसलाही उमगले, असेच म्हणावे लागेल.

या पार्श्वभूमीवर जयगड बंदराकडून निवळी आणि हातखंब्याकडे येणारा एलपीजीचा टँकर हा संशोधकाने थांबून न्याहाळावा असा विषय आहे. त्याच्या पाठीवर सतराअठरा टन गॅस असतो, म्हणजे हजाराहून अधिक स्वयंपाकघरांची बेगमी. पुढे इंजिन डिझेलचे असते. आणि या दोहोंमध्ये दोन-तीन मीटरचेच अंतर असते. डिझेलमध्ये गॅस सोडण्यासाठी सृष्टीने याहून सोयीची रचना केलेली नाही, आणि तरीही हा टँकर घाट चढतो तो निव्वळ डिझेलवर, अगदी पहिल्या गिअरमध्ये, मागच्या गॅसकडे ढुंकूनही न पाहता. बचतीची महती सांगणारा मिस्त्री या टँकरचा विषय निघाला की चहा मागवतो. निवळीच्या उतारावर किंवा हातखंब्याला असा टँकर कलंडला की महामार्ग तासन्‌तास बंद राहतो, शेकडो गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात, आणि एका अपघातात संपूर्ण जिल्ह्याचे त्या दिवसाचे अ‍ॅव्हरेज शून्याकडे झुकते.

तशीही २०११ पासून रुंद होत असलेल्या मुंबई-गोवा महामार्गाने अ‍ॅव्हरेजविषयी स्वतःचे धोरण ठरवलेले आहे. डायव्हर्जन, खड्डा, पुन्हा डायव्हर्जन आणि मध्येच अर्धा किलोमीटर गुळगुळीत काँक्रीट, या क्रमाने गाडी सतत गिअर बदलत राहते, प्रत्येक ब्रेकला मिळवलेला वेग उष्णता होऊन उडून जातो आणि तो पुन्हा मिळवायला पुन्हा डिझेल लागते. ट्रकचे अ‍ॅव्हरेज वाढवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय रस्ता पूर्ण करणे हाच आहे, याबद्दल मालक, ड्रायव्हर आणि मिस्त्री यांच्यात दुर्मीळ एकमत आढळते, परंतु तो संच गॅरेजमध्ये बसवून मिळत नाही.

उरतो एक उपाय, जो कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ पासून उपलब्ध केला आहे. रो-रो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सेवेत भरलेला ट्रक कोलाडला सपाट वाघिणीवर चढतो, साखळ्यांनी बांधला जातो, आणि गोव्यातील वेर्ण्याला किंवा त्याहीपुढे सुरतकलला उतरतो. ड्रायव्हर आणि क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसून, स्टिअरिंगला हात न लावता, रत्नागिरी स्थानक ओलांडतात. साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा आणि पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल या ट्रकने इंजिन न लावता पार केलेला असतो, आणि एकही थेंब डिझेल, एकही ग्रॅम प्रोपेन जळालेला नसतो. अ‍ॅव्हरेजच्या इतिहासातील हा परमोच्च बिंदू असूनही मालक त्यावर खूश होत नाही, कारण हिशेबाच्या वहीत हा आकडा कसा मांडायचा हेच त्याला कळत नाही: डिझेल लागले शून्य, पण चाके फिरली नसल्याने मीटरवर किलोमीटरही शून्यच, आणि शून्याला शून्याने भागून काय उत्तर द्यावे याबाबत गणितशास्त्राने कायमचे हात वर केलेले आहेत. परिणामी ड्रायव्हर सांगतो की या खेपेला अ‍ॅव्हरेज निघत नाही, मालक म्हणतो की मग डिझेल गेले कुठे, आणि रेल्वेच्या भाड्याची पावती दोघांच्या मध्ये टेबलावर पडून असते.